मुठीखालचं बटण

“...ते सगळं ठीक आहे रे. पण खटका बसला, हे कळतं कशावरून?” सबनीस बाईंनी विचारलं.

“दिव्यावरून, बाई. हिरवा दिवा लागतो.”

“दिवा लागला हे दिव्यावरून कळतं. खटका बसला हे कशावरून कळतं?”

मकरंद ओगले हसला. म्हणजे ओठ हलवले नुसते. डोळे काही हसले नाहीत.

हा मकरंद खटके करतो. दाराचे नव्हेत, अंतराळयानाचे. यानात प्रयोगाच्या पेट्या असतात. एकीत जिवंत पेशी, एकीत बी-बियाणं, एकीत आणखी काही. यान उडताना असं हादरतं की घट्ट धरून ठेवली नाही तर पेटी आतल्या आत धोंड्यासारखी आपटत सुटेल. आणि वर पोचल्यावर तीच पेटी तरंगत्या माणसाला एका हातानं काढता यायला हवी, घालता यायला हवी. हे धरणं आणि सोडणं ज्याच्यावर सोपवलेलं असतं, तो खटका. वस्तू तळहाताएवढी, पण तिच्यावर कुणाकुणाची आयुष्यभराची मेहनत टांगलेली असते.

मकरंद या कामात हुशार. हुशार आहे हे त्याला लहानपणीच कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो ते विसरला नव्हता.

आणि सबनीस बाई म्हणजे त्याच्या गुरू. जन्मभर असल्याच यंत्रणा केल्या आणि शिकवल्या, आता तळेगावात राहतात. निवृत्त झाल्या, पण शिष्यांनी काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. काहीही नवं केलं की ते बाईंच्या हाताखालून जायला हवं, अशी रीतच पडून गेली होती.

रीत साधी. मांडीवर पंच्याची घडी. घडीवर वस्तू ठेवायची. बाई डोळे मिटणार आणि बोटांनी वस्तू पाहणार. तोवर आणणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ‘वस्तूला बोलू दे,’ म्हणायच्या. ‘तू काय, जन्मभर बोलणारच आहेस.’

मकरंद वर्षभर फिरकला नव्हता. आज आला तो मात्र नवा खटका घेऊन, रविवारी सकाळी, न कळवता. बाई ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे परात सरकवली. “बस. सोल.”

त्यानं चार डाळिंब्या सोलल्या, त्यातल्या तीन मोडल्या.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “आण तुझी वस्तू.”

तर खटका बाईंच्या मांडीवर होता. डोळे मिटलेले. बोटं मुठीवरून फिरली. मूठ खाली दाबली की आतला आकडा फिरून पेटीच्या खाचेत बसायचा. दाखवण्यापुरता त्या खाचेचा एक तुकडा त्यानं खटक्याला जोडून आणला होता. मूठ आणि आकडा यांच्यामध्ये एक स्प्रिंग. बोटांनी स्प्रिंग पाहिली, आकड्याची धार पाहिली, आकड्याजवळचं एक बारीकसं बटण पाहिलं. तिथून निघालेली वायर चिमटीत धरून ती दिव्यापर्यंत नेली.

मग बोटं परत मुठीकडे आली. मुठीच्या खाली गेली. आणि थांबली.

“इथं भोक होतं.”

मकरंदनं मान खाली घातली.

“बुजवलंयस. छान बुजवलंयस. कानस फिरवलीस वरून?”

“...हो.”

“कशाचं होतं?”

“बटणाचं, बाई. आधी बटण तिथं होतं. मुठीखाली.”

“आणि आता आकड्याजवळ नेलंस.”

“हो. सुधारणा केली.”

“सुधारणा,” बाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. “चांगली आहे.”

बाईंच्या तोंडून ‘चांगली आहे’ ऐकायला लोक वर्ष वर्ष थांबायचे. मकरंदचा चेहरा एकदम मोकळा झाला. रीत विसरला आणि बोलायला लागला. बाईंनी डोळे उघडले. बघा बाई, आता फसवाफसवी नाही. त्यानं खिशातून एसटीचं तिकीट काढलं, त्याचा कपटा करून खाचेत सरकवला आणि मूठ दाबली. मूठ पार खाली गेली. दिवा लागला नाही.

“पाहिलंत? आकडा कपट्यावर अडकला. म्हणजे मूठ खाली, पण खटका बसलेला नाही. म्हणून दिवा नाही! एवढासा कागद आला तरी कळतं.”

“वा,” बाई म्हणाल्या.  “आणि बटण मुठीखाली असतं तर?”

...

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली.

“मकरंद.”

“हं.”

“मूठ खाली गेली असती. बटण दाबलं गेलं असतं. मग?”

“...लागला असता.”

“काय?”

“दिवा, बाई. लागला असता.”

“आणि खटका?”

 कपटा खाचेत तसाच होता. तो त्यानं नखानं काढायला घेतला, निघेना.

आता हे बटण मुठीखाली का होतं, ते सांगायला हवं. आकड्याजवळ जागा चिंचोळी. तिथं बटण बसवायचं तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागली असती, वजन वाढलं असतं, काम लांबलं असतं. आणि मकरंदचा खटका तर सगळ्यात हलका म्हणून गाजलेला. टाळ्या पडल्या होत्या. मूठ खाली गेली म्हणजे आकडा बसणारच, जाईल कुठं, असं त्यानं धरून चालवलं. या धंद्यातले लोक अशी चूक करतात. हाताला जे सोपं पडतं ते मोजतात, आणि जे मोजायला हवं ते मोजल्यासारखं मानतात.

त्या रूपात तो खटका बाईंच्या मांडीवर कधी आला नव्हता. यालाही कारण होतं. टाळ्या आधीच पडल्या होत्या ना! आता म्हातारीला दाखवून काय करायचं?

बाईंनी परात पुन्हा पुढे ओढली.

“मंगल कुदळे तुमच्याकडेच आहे ना?”

मकरंद दचकला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

“होती. म्हणजे आहे. चाचणी विभागात होती, आता भांडारात आहे.”

“का बरं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी विचारतेय.”

मग त्याला सांगावंच लागलं. खाली बघून, तुकड्या-तुकड्यानं.

होळीच्या सुमाराची गोष्ट. हादऱ्याच्या टेबलावर चाचणी होती. यान उडताना बसतात तसे हादरे जमिनीवरच देऊन बघायचे. पेटीत एका संशोधक जोडप्यानं वाढवलेल्या स्नायूंच्या पेशी होत्या, त्यांचा जीव की प्राण. पेटी बसवायचं काम मंगल कुदळेंचं. त्यांनी पेटी सरकवली, मूठ दाबली, हिरवा दिवा पाहिला, बाजूला झाल्या. टेबल हलायला लागलं. आणि पेटी सुटली. टेबलाच्या कडेवर आपटली, भिंतीवर आपटली. आतलं सगळं गेलं.

“मग चौकशी झाली?”

“झाली.”

“मंगल काय म्हणाली?”

“म्हणाल्या, दिवा लागला होता.”

“आणि?”

“...आणि एक जण म्हणाला, अहो ताई, दिवा लागला असता तर खटका बसला असता ना! आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.”

“तू काय केलंस?”

मकरंदनं डाळिंबी उचलली, ठेवली.

“पाणी प्यायलो.”

बाई मोडलेल्या डाळिंब्या वेगळ्या करत राहिल्या.

“पुढे?”

“पुढे ठरलं की मूठ पूर्ण दाबली गेली नव्हती. त्या घाईत होत्या, असं ठरलं.”

“ठरलं.”

“मी काही म्हणालो नाही, बाई! माझ्या तोंडून त्यांच्याविरुद्ध एक अक्षर निघालं नाही.”

“ते ऐकलं मी. पाणी प्यायलास.”

त्याचे कान लाल झाले. चांगला चाळिशीला टेकलेला गडी, पण शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा दिसत होता.

“तेव्हा मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “खरंच. मला वाटलं, नसेल दाबली मूठ.”

“कधी कळलं?”

“त्या आठवड्यातच. तुटलेला खटका टेबलावर घेऊन बसलो. आकडा खाचेच्या कडेवरच अडकत होता. मूठ मात्र खाली जात होती. दिवा... लागत होता.”

“मग तू बटण हलवलंस.”

“हो.”

“आणि भोक बुजवलंस.”

...

“मंगल भेटली का तुला नंतर?”

इथं मकरंदला खोटं बोलता आलं असतं. बोलावंसं वाटलंही असेल. पण बाईंच्या पुढ्यात बसून खोटं बोलायचं म्हणजे डॉक्टरपुढे ताप लपवायचा.

“घरी आल्या होत्या. माझ्या.”

“कशाला?”

“माफी मागायला.”

बाईंचे हात थांबले. पहिल्यांदाच.

“हडपसरला राहतात त्या. दोन बस बदलून आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेब, तुमच्या खटक्याला माझ्यामुळं बोल लागला. माझं चुकलं असेल.”

“असेल, म्हणाली?”

“हो. चुकलं असेल.”

“आणि तू काय म्हणालास?”

मकरंदनं तोंड फिरवलं. अंगणात जास्वंदीखाली मांजर अंग चाटत होतं, त्याच्याकडे बघत राहिला.

“म्हणालो... अहो ताई, होतं असं कधीकधी. मी मनात काही ठेवलं नाही.”

“घरात बोलावलंस?”

“नाही. त्याच थांबल्या नाहीत. बस चुकेल म्हणाल्या.”

“माफ केलंस तर तू तिला.”

“बाई...”

“मोठ्या मनाचा आहेस हो.”

त्याच्या बायकोनंही त्या संध्याकाळी हेच म्हटलं होतं, आणि ते अगदी मनापासून. किती समजूतदार आहेस रे तू, म्हणाली होती. त्यावर तो काही बोलला नाही, आणि व्यवस्थित जेवला. त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या जेवणाची. घास अडकला असता तर निदान आपण बरे आहोत असं तरी वाटलं असतं. पण घास अडकला नाही. भरिताची चव आवडली, वर पुन्हा वाढून घेतलं.

हे त्यानं बाईंना सांगितलं नाही. पण आता त्याला ओसरीवर बसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“तुम्हाला हे सगळं माहीत होतं, बाई?”

“खटक्याचं नव्हतं माहीत. ते आत्ता तुझ्या वस्तूनं सांगितलं. मंगलचं माहीत होतं. ती आली होती इथं, गेल्या आठवड्यात.”

“इथं? कशाला?”

“शिकायला.”

“काय शिकायला?”

“मूठ दाबायला.”

मकरंद बघतच राहिला.

“मी तिला ओळखतही नव्हते,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी सांगितलं म्हणाली, बाईंना दाखवा, बाई चूक सांगतात. आता ती काय दाखवणार? तिच्याकडे ना खटका, ना पेटी. ते माझं जुनं कपाट आहे ना, त्याची मूठ दाबत बसली. दाबायची आणि विचारायची, बाई, आता पूर्ण गेली का? मी म्हणायची, गेली. पुन्हा दाबायची. अंगठा सोलवटला, तरी उठेना.”

“बाई, पुरे.”

“पुरे काय? ऐक. मी विचारलं, अगं, दिवा पाहिलास ना तू? म्हणाली, पाहिल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, वाटलं होतं की पाहिलास? तर गप्प. मग म्हणाली, आधी पाहिला असं म्हणत होते. पण सगळे म्हणतात नसेल लागला, तर नसेलच. एवढी शिकलेली माणसं काय उगीच म्हणतील?”

मांजर उठून गेलं.

“डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली ती. तपासून घेतले. हिरवा रंग दिसतो की नाही, तेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही, उत्तम आहेत.”

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

“हे सांगताना रडली. दोष असता तर बरं झालं असतं म्हणाली.”

...

 मकरंद बोलला तो भराभरा बोलला. अशा वेळी माणूस बोलतो तसंच.

“मी उद्याच साहेबांशी बोलतो. मंगलताईंना चाचणी विभागात परत घ्यायला लावतो. माझा शब्द मोडणार नाहीत ते. शब्दच टाकतो ना.”

“काय सांगशील?”

“सांगेन की... की इतकी वर्षं काम केलंय बाईनं. चूक कुणाच्याही हातून होते. एका चुकीसाठी...”

“कुणाच्या चुकीसाठी?”

तो थांबला.

“ततपप करू नकोस. कुणाच्या?”

“...माझ्या.”

“हे साहेबांना सांगशील?”

“सांगतो. चौकशी समितीपुढे सांगतो. लेखी देतो, बाई. सगळं लिहून देतो, काय व्हायचं ते होऊ दे!” त्याचा आवाज चढला. एकदम शूर झाला होता. “बढती जाईल. जाऊ दे! नाव जाईल. जाऊ दे!”

“द्यायलाच हवं ते. आणि समितीनं डोळे तपासून घेतलेत का?”

शूरपणा जागच्या जागी बसला.

“समितीला उद्या सांगशील, परवा सांगशील,” बाई म्हणाल्या. “सांगशीलच. नाही सांगितलंस तर मी सांगेन, मला काय, म्हातारीला कुणाची भीती आहे! पण आज रविवार आहे. मंगल घरी असेल.”

मकरंदनं खिशातून फोन काढला.  “आत्ता लावतो. आत्ताच.”

बाई नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

त्यानं नाव शोधलं. नावावर अंगठा नेला. तिथंच ठेवला. मग फोन बंद करून खिशात टाकला.

“हडपसरला... दोन बस बदलाव्या लागतात,” तो पुटपुटला.

बाईंनी परातीतली टरफलं बाजूला केली.

“बाई, तिच्यापुढं उभा कसा राहू? फार लाज वाटते हो.”

“वाटू दे की.”

“पण तिचं करू काय?”

“लाजेचं? काही करायचं नसतं. तिला शेजारच्या सीटवर बसवायचं आणि तिकीट काढायचं.”

त्यानं बाईंच्या मांडीवरचा खटका उचलला. बाईंनी तो पुन्हा खाली ठेवायला लावला. “हा इथं राहू दे. तिथं हा दाखवायला लागशील. सुधारणा सांगत बसशील.”

ते अगदी खरं होतं. त्याच्या मनात तेच आलं होतं.

मग तो वाकला. दरवेळी जाताना वाकायचा तसाच. पण बाईंनी पाय आखडून घेतले, लुगड्याच्या घोळात ओढून घेतले. त्याचे हात नुसते फरशीला लागले.

“आज नको,” बाई म्हणाल्या. रागानं नाही. पाणी हवं का विचारावं तशा.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो तसाच ओणवा राहिला थोडा वेळ. मग उठला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. कुणापुढे लपवायचं आता?

पायरीवर बसून चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. फाटकाची कडी काढली, आणि तिथंच उभा राहिला. बाहेर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला हातानंच नको म्हणाला.

“बाई...”

“अजून आहेसच?”

“समजा, सगळं सांगितलं. आणि तिनं माफ नाही केलं तर?”

बाईंनी परात मांडीवर घेतली. एक डाळिंबी सोलली, अख्खी निघाली, ती बाजूला ठेवली.

“नाही केलं तर सुटलास रे. केलं, तर काय करशील, ते बसमध्ये ठरव.”